इस्पितळ घरी येते तेव्हा



'आजोबांना घरी दाखल केले आहे' असे कुणी म्हटले तर आपण त्याचे वाक्य सुधारू. माणूस दाखल होतो तो इस्पितळात, आणि घरी येतो तो डिस्चार्ज मिळाल्यावर. परंतु इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर या देशांत हे वाक्य आता नवलाचे राहिलेले नाही. न्यूमोनिया झालेल्या वृद्ध माणसाला तपासून झाल्यावर डॉक्टर विचारतात, "वॉर्डात खाट देऊ, की तुमच्या घरच्या खाटेवरच दाखल करून घेऊ?" आपल्याकडेही मोठ्या शहरांत 'घरच्या घरी आयसीयू' अशा जाहिराती दिसू लागल्या आहेत. हा प्रश्न उद्या आपल्यापैकी कुणाच्याही दारात येऊ शकतो, आणि तो येतो तेव्हा विचार करायला वेळ नसतो. म्हणून आज आपण त्याचा थोडा अभ्यास करू या.

सुरुवातीलाच एक फरक लक्षात घेऊ. आजारी माणसाची सेवा घरी करणे आपल्याला नवीन नाही. पक्षाघातानंतर वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली आजी आपल्या अनेक घरांत आहे, आणि अखेरच्या दिवसांत वेदना कमी करण्यासाठी घरी येणारी परिचारिकाही काहींनी पाहिली आहे. येथे विषय तो नाही. येथे आपण बोलत आहोत ते अशा रुग्णाविषयी, ज्याला एरवी आज रात्रीच वॉर्डात ठेवले असते. त्याला शिरेतून अँटिबायोटिक हवे आहे, ऑक्सिजन हवा आहे, रोज रक्त तपासायला हवे आहे, आणि काही दिवसांत तो बरा होईल अशी आशा आहे.

हे चालते कसे?

अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी योजनेने नोव्हेंबर २०२० मध्ये, करोनामुळे खाटा अपुऱ्या पडत असताना, अशा घरच्या उपचारालाही इस्पितळातल्या उपचाराइतकेच पैसे देण्याची सवलत सुरू केली. तिच्या अटी वाचल्या म्हणजे कल्पना स्पष्ट होते. रुग्णाला परस्पर घरीच दाखल करता येत नाही. तो आधी आपत्कालीन विभागात किंवा वॉर्डात असावा लागतो, आणि डॉक्टरांनी त्याला समोरासमोर तपासलेले असावे लागते. घरी नेल्यावर डॉक्टर रोज त्याची विचारपूस व तपासणी करतात, ती पडद्यावरून झाली तरी चालते. परंतु दिवसातून दोन वेळा कुणीतरी प्रत्यक्ष घरी आलेच पाहिजे: सिस्टर किंवा प्रशिक्षित पॅरामेडिक. (सिस्टर म्हणजे येथे परिचारिका, कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी गैरसमज करून घेऊ नये!) रुग्णाने बटण दाबले की कुणाशी तरी लगेच बोलता आले पाहिजे, आणि प्रकृती बिघडली तर अर्ध्या तासाच्या आत मदत पोहोचली पाहिजे. औषधे, ऑक्सिजन, रक्ताची तपासणी, एक्स-रे, गरज पडली तर जेवणसुद्धा, ही सर्व जबाबदारी इस्पितळाची.

मधल्या तासांत काम करतात ती यंत्रे. छातीवर चिकटवलेली पट्टी किंवा दंडावरचा पट्टा नाडी, श्वास, तापमान मोजतो. बोटावरचा ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन सांगतो. हे आकडे इस्पितळातल्या एका खोलीत पडद्यावर उमटतात, आणि तेथे बसलेली माणसे ते वाचतात. इंग्लंडमध्ये याला 'व्हर्च्युअल वॉर्ड' म्हणतात. तेथील सरकारी आरोग्यसेवेने सप्टेंबर २०२३ अखेर अशा १०,००० खाटांची सोय उभी केली.

ही कल्पना मात्र इंटरनेटबरोबर जन्मलेली नाही. न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे इस्पितळात डॉ. ब्लूस्टोन यांनी १९४७ मध्येच इस्पितळाची माणसे रुग्णांच्या घरी पाठवायला सुरुवात केली होती. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९९४ पासून ही सरकारी सोय आहे. म्हणजे मूळ गोष्ट माणसांनी घरी जाण्याची होती. यंत्रे मागाहून आली. हा क्रम आपण विसरू नये, कारण पुढे त्याच्यावरच सर्व अवलंबून आहे.

ज्यांना घर नव्हते त्यांच्यासाठी

थोडे मागे जाऊ या. आजाऱ्याने इस्पितळात जायचे ही रीत कुठून आली? चौथ्या शतकात, ३७० च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानातील कैसरिया नगरात संत बाझिल यांनी गरीब, वाटसरू आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठी वास्तू उभारली. रोममध्ये फाबिओला नावाच्या श्रीमंत स्त्रीने आपली मालमत्ता विकून आजाऱ्यांसाठी घर काढले. ती वारल्यावर संत जेरोम यांनी लिहिलेल्या पत्रातून आपल्याला ते कळते. ज्यांना घर होते त्यांची शुश्रूषा घरीच होत असे. ज्यांना घर नव्हते, किंवा घरच्यांनी बाहेर काढले होते, त्यांच्यासाठी इस्पितळ होते. थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपातील सुखवस्तू माणूस इस्पितळाची पायरी चढत नसे. डॉक्टर त्याच्याकडे येत, शस्त्रक्रियाही त्याच्या घरी होई. जंतुविरहित शस्त्रक्रिया, एक्स-रे, प्रयोगशाळा या गोष्टी पिशवीत घालून नेता येईनात तेव्हा सर्वच आजारी इस्पितळाकडे निघाले.

आता ती यंत्रे लहान झाली आणि इस्पितळ पुन्हा घराकडे निघाले आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्याच्यासाठी इस्पितळ प्रथम उभे राहिले, त्या घर नसलेल्या माणसाचे या नव्या व्यवस्थेत काय, हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो. मेडिकेअरच्या नियमांप्रमाणे दाखल करण्याआधी घराचीही चौकशी करावी लागते: वीज-पाणी आहे का, घरात मारहाण होते का, तेथे उपचार करण्यात काही अडचण आहे का. चौकशी योग्यच आहे. तिचा अर्थ मात्र असाही होतो की चाळीतल्या एका खोलीत सहा जणांबरोबर राहणारा, किंवा एकटीच राहणारी विधवा, यांना या सोयीचा लाभ शेवटी मिळेल. घरी दाखल करण्याची व्यवस्था वाढली म्हणून वॉर्डातल्या खाटा कमी करणे योग्य नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आजी रात्री का बडबडतात?

वृद्ध माणसांना इस्पितळात ठेवलेल्या घरांना हा अनुभव आहे. दिवसा ठीक असलेली आजी रात्री बडबडू लागते, सलाईनची नळी ओढते, पोटच्या मुलाला ओळखत नाही. अपरिचित जागा, रात्रभर दिवे, मोडलेली झोप, खाटेवरून उतरू नका अशी ताकीद, यांमुळे हा भ्रम वाढतो. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. ब्रूस लेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५५ वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून २००५ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत घरी उपचार मिळालेल्यांमध्ये हा भ्रम कमी आढळला. खर्चही कमी झाला. आपली खाट, आपली उशी, स्वयंपाकघरातला ओळखीचा आवाज, शौचालयापर्यंतची पायाखालची वाट हासुद्धा औषधाचा भाग आहे, हे आपल्या आज्यांना कुणी सांगावे लागत नव्हते.

बोस्टनमधील एका चाचणीत (२०२०) ९१ रुग्ण होते. कुणाला घरी ठेवायचे आणि कुणाला वॉर्डात, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले गेले. महिन्याच्या आत पुन्हा दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाण वॉर्डातल्यांत २३ टक्के, तर घरच्यांत ७ टक्के होते. खर्च ३८ टक्के कमी झाला. मात्र रुग्ण थोडे होते, आणि ते सर्व इस्पितळापासून ५ मैलांच्या आत राहणारे होते. ब्रिटनमधील २०२१ च्या चाचणीत १,०५५ वृद्ध होते. तेथे मृत्यूंच्या प्रमाणात विशेष फरक दिसला नाही. घरी उपचार घेतलेल्यांपैकी मात्र सहा महिन्यांनंतर कमी जणांना कायमचे वृद्धाश्रमात जावे लागले होते. म्हणजे योग्य रुग्ण निवडला आणि व्यवस्था पक्की असली तर घर इस्पितळापेक्षा धोक्याचे नाही, इतके म्हणता येते.

पण 'व्यवस्था पक्की' म्हणजे काय? आमच्या मते या विषयाचा गाभा येथे आहे.

दोन चाचण्या शेजारी ठेवून पाहू. दोन्ही हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांच्या होत्या. हे रुग्ण त्या अर्थाने घरी दाखल नव्हते, परंतु त्यांच्यावर दूरून लक्ष ठेवले जात होते. अमेरिकेतील पहिल्या चाचणीत (२०१०) १,६५३ रुग्ण होते. अर्ध्यांनी रोज एका स्वयंचलित फोनवर आपले वजन आणि लक्षणे सांगायची होती. डॉक्टरांच्या दवाखान्यात ती नंतर पाहिली जात. सहा महिन्यांनी पाहिले तर मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणे यांत काहीच फरक पडला नव्हता. १४ टक्के लोकांनी तर तो फोन एकदाही वापरला नाही, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून तीनदा तरी फोन करणारे जेमतेम ५५ टक्के उरले होते. जर्मनीतील दुसऱ्या चाचणीत (२०१८) १,५७१ रुग्ण होते. तेही घरी वजन, रक्तदाब, ईसीजी आणि ऑक्सिजन मोजत. फरक एवढाच, की बर्लिनच्या शारिते इस्पितळातल्या केंद्रात रात्रंदिवस डॉक्टर आणि नर्स हजर असत. आकडा बिघडला की ते स्वतः फोन करत, औषध बदलत, गरज पडल्यास दाखल करत. तेथे वर्षभरात अचानक दाखल व्हावे लागल्यामुळे किंवा मृत्यूमुळे गमावलेले दिवस सरासरी २४.२ वरून १७.८ वर आले. मृत्यूही कमी झाले.

आकडे दोन्हीकडे गोळा होत होते. एकीकडे ते वहीत जाऊन पडत होते, दुसरीकडे त्यांना उत्तर मिळत होते.

सेमिनरीत आम्हांला ॲरिस्टॉटल शिकवताना एक दाखला हटकून दिला जाई: देहापासून तोडलेला हात हा केवळ नावापुरता हात, कारण हाताचे काम तो आता करू शकत नाही. तरुणपणी हा शब्दांचा खेळ वाटतो. आज एखाद्या घरात टीपॉयवर लुकलुकणारा मॉनिटर पाहिला की तो दाखला आठवतो. ज्या मॉनिटरच्या दुसऱ्या टोकाला कुणी बसलेले नाही, तो नावापुरता मॉनिटर. इस्पितळाची खाट भाड्याने आणली म्हणजे इस्पितळ घरी आले असे होत नाही. इस्पितळ म्हणजे मुळात एक शब्द दिलेला असतो: तुम्ही हाक मारली तर कुणीतरी येईल.

बोटावरचे ते यंत्र

आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला पहिल्या शुक्रवारी घरोघरी जाताना जवळजवळ प्रत्येक घरात आम्हांला ऑक्सिमीटर दिसतो. २०२० आणि २०२१ च्या करोनाकाळात तो आला आणि औषधांच्या डब्यात राहिला. '९४ च्या खाली गेला तर कळवा' हे वाक्य आणि सहा मिनिटे चालून पाहण्याची ती परीक्षा कुणी विसरलेले नाही. या यंत्राचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्याने १९७४ च्या सुमारास शोधले. ऑक्सिजन असलेले आणि नसलेले रक्त तांबडा व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारा भाग वेगळा काढला की धमनीतल्या रक्ताचा हिशेब लागतो. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले, जग त्यांच्या यंत्रासाठी दुकानांपुढे रांगा लावत असताना.

पण हे यंत्र चुकतेही. नखांना रंग असेल, हात गार असतील, बोट हलत असेल तर आकडा बिघडतो. यापेक्षा मोठी गोष्ट त्वचेच्या रंगाची आहे. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात असे दिसले की यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात रक्तातला ऑक्सिजन ८८ च्याही खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते. आपण सावळ्या लोकांनी हे लक्षात ठेवलेले बरे. आकडा चांगला आहे पण माणूस धापा टाकतो आहे, ओठ निळसर पडले आहेत, तर माणसावर विश्वास ठेवावा, आकड्यावर नव्हे. उलट, जुना फुप्फुसाचा विकार असलेल्या काही रुग्णांसाठी डॉक्टर मुद्दामच ८८ ते ९२ एवढेच लक्ष्य ठेवतात. तेव्हा शेजाऱ्याच्या ९४ वरून आपल्या घरातला ऑक्सिजन वाढवू नये.

सुनेला कुणी विचारले का?

इस्पितळात दाखल केलेल्या माणसाचे पाणी, भांडे, चादर, रात्रीची हाक हे सर्व तीन पाळ्यांतली माणसे वाटून घेतात. तोच माणूस घरी दाखल झाला की दोन फेऱ्यांच्या मधला सगळा वेळ घरच्यांचा. आणि घरचे म्हणजे बहुधा सून, नाहीतर लग्न न झालेली मुलगी. खर्च कमी झाला असे अहवालात लिहितात तेव्हा तिच्या जागरणाचे पैसे त्यात धरलेले नसतात. मुलगा डॉक्टरांसमोर "आम्ही घरीच बघू, डॉक्टर" असे म्हणतो. तो 'आम्ही' म्हणजे कोण, हे सही करण्याआधी घरात बसून ठरवावे. ती नोकरी करत असेल तर रजा कोण घेणार? रात्री दोन वाजता यंत्र वाजू लागले तर उठणार कोण? आणि तिला 'नाही' म्हणण्याची मोकळीक आहे का? प्रेमापोटी केलेली सेवा आणि नाइलाजाने गळ्यात पडलेली सेवा बाहेरून सारखीच दिसतात.

आपल्याकडे घरी आयसीयू म्हणून जे मिळते ते बरेचदा सुटे सुटे असते: खाट एकाची, कॉन्सन्ट्रेटर दुसऱ्याचा, बारा तासांच्या पाळीवर ब्युरोची बाई, आणि डॉक्टर फोनवर, उचलला तर. म्हणून आधी विचारायचे ते असे: या रुग्णाची जबाबदारी कोणत्या डॉक्टरांच्या नावावर आहे? रात्री आकडे कोण पाहते, आणि बिघडले तर किती वेळात कोण येते? कोणत्या इस्पितळात परत घेणार, आणि तेथे खाट नक्की मिळेल का? ही उत्तरे कागदावर मिळत नसतील तर वॉर्ड बरा.

विजेचाही विचार हवा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी असते ते सांगायला नको. ५ लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरला साधारण ३०० ते ४०० वॅट वीज लागते. घरातला इन्व्हर्टर तो किती वेळ चालवील हे आधीच पाहावे. जोडीला भरलेला सिलिंडर हवा. बी टाईप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर तो बारा तास पुरतो, ५ लिटर लागत असेल तर पाचच तास.

आणि पैसे. आरोग्यविम्याच्या पॉलिसीत 'डोमिसिलियरी हॉस्पिटलायझेशन' असा शब्द असतो, तो पाहून निश्चिंत होऊ नये. त्याच्या ठरलेल्या व्याख्येप्रमाणे रुग्णाला हलवण्यासारखी स्थिती नसावी, किंवा इस्पितळात जागा नसावी, तेव्हाच घरच्या उपचाराचे पैसे मिळतात. घरी बरे वाटते हे कारण त्यात बसत नाही. शिवाय दमा, मधुमेह, रक्तदाब असे आजार अनेक पॉलिसींनी त्यातून वगळलेले असतात. २०२० मधल्या 'कोरोना कवच' पॉलिसीत १४ दिवसांपर्यंतचा घरचा उपचार धरला होता, परंतु ती सोय त्या एका आजारापुरती होती. तेव्हा कंपनीला आधी लेखी विचारावे. अमेरिकेतही ही सोय किती कच्च्या दोरीवर टांगलेली असू शकते ते दिसले आहे. सरकारचा निधी अडला आणि ३० सप्टेंबर २०२५ रोजी मेडिकेअरच्या त्या सवलतीची मुदत संपली. घरी दाखल असलेल्या त्या योजनेच्या रुग्णांना एकतर वॉर्डात परत आणावे लागले किंवा डिस्चार्ज द्यावा लागला. नोव्हेंबरमध्ये सवलत पुन्हा सुरू झाली.

एक गोष्ट आपल्या सर्वांसाठी. इस्पितळात भेटीच्या वेळा असतात, घराला त्या नसतात. कुणी आजारी आहे असे कळले की फळे घेऊन जाणे ही आपली चांगली रीत आहे. पण जो घरी दाखल आहे त्याच्याकडे संध्याकाळी एकदम दहा जण गेलो तर वॉर्डच बरा होता असे त्याला वाटेल. आधी फोन करावा. दहा मिनिटे बसावे. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नये. घरच्या बाईला चहाला लावू नये. जमले तर रात्रीचे कालवण आपणच डब्यातून न्यावे, किंवा तासभर रुग्णाजवळ बसून तिला झोपू द्यावे.

ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी कम्युनियनसाठी किंवा आजाऱ्यांच्या अभ्यंगासाठी धर्मग्रामाच्या कार्यालयात कळवावे, आणि सोबत सिस्टरच्या फेरीच्या दोन्ही वेळा सांगाव्यात, म्हणजे सलाईन लावताना आमचा अडथळा होणार नाही.